नाकतोड्याचं स्टेरिंग

आधीच सांगून ठेवतो, चूक कबूल करायची मला सवय न्हाई. हुमनाबादच्या नाक्यावर माझं पत्र्याचं गॅरेज हाय. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे लॉरीवाले म्हणायचे, उमाजीनं हात लावला की मेलेली गाडी उठती. आमचा बाप अन् आजा मेंढरं राखून गेले, अन् मी हैदराबादला एका उस्तादाच्या शिव्या खाऊन पाना धरायला शिकलो. त्यामुळं मला माझ्या हाताचा गर्व जरा जास्तीच व्हता. माझी बायको अनसाबाई म्हणायची, "तुमचं नाक एवढं वर असतंय की पायाखालचं दिसत न्हाई." मी तिकडं कान द्यायचो न्हाई.

ही गोष्ट म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्याच्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाची. आमच्या गावात रेवणसिद्धप्पा म्हणून जनावरांचे डॉक्टर व्हते. सरकारी नोकरी संपली तरी आसपासच्या खेड्यांतली ढोरं तेच बघायचे. सगळे त्यांना डॉक्टरअप्पा म्हणायचे. त्यांच्याकडं एक गाडी व्हती. दोन माणसांची, बिनटपाची, तांबडी, अन् एवढी बुटकी की पोट जमिनीला लागंल. बीदरच्या एका जहागीरदाराचा लेक परदेशी गेला, जाताना त्यानं ती डॉक्टरअप्पाला देऊन टाकली. शर्यतीत पळवायची गाडी ती. डॉक्टरअप्पा तिच्यात औषधाची पेटी अन् रेडकू ओढायची दोरी घेऊन खेडोपाडी पळायचे. एकदा तर बाजूच्या सीटवर आजारी मेंढा बसवून आणला. गाडी एवढी हलकी की वड्यात अडकली तर चार गडी उचलून काठावर ठेवायचे. गावानं तिचं नाव पाडलं नाकतोडा. डॉक्टरअप्पाला ते नाव आवडायचं.

सात वर्षं नाकतोड्याचं काम माझ्याकडं व्हतं. दर महिन्याला मी स्वतः खाली वाकून ग्रीस मारायचो, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचो न्हाई. तरी त्याचं स्टेरिंग जड व्हत गेलं. पहिल्यांदा डॉक्टरअप्पा म्हणले, "उमाजी, हे जरा जड व्हायलंय रे." मी म्हणलो, "अप्पा, गाडी जुनी हाय, अन् तुमचं बी वय व्हायलंय." उचलली जीभ लावली टाळ्याला. चांगल्या माणसाचं एक वाईट असतंय, तो ऐकून घेतो. त्यांनी ते मनात धरलं.

मग हळूहळू त्यांनी लांबची गावं सोडली. मग वळणाचे रस्ते सोडले. गाडीतून उतरले की मनगटं चोळत उभे राहायचे. शेवटी अडलेली जनावरं सोडवायचं बी सोडलं. "हात गेले," म्हणायचे. या गोष्टीच्या आदल्या साली आमची म्हैस अडली तवा मीच त्यांना बोलवायला गेलो व्हतो. आले, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला अन् म्हणले, "माझ्या हातात आता काय राहिलं न्हाई. बीदरहून दुसरा डॉक्टर बोलव." बीदरचा डॉक्टर येईपर्यंत म्हैस गेली, पोटातलं रेडकू बी गेलं. अनसाबाईनं तिला माहेरहून आणली व्हती. आठ दिवस तिनं धड भाकरी खाल्ली न्हाई.

तर त्या बुधवारी डॉक्टरअप्पा गॅरेजवर आले. नाक्यावरचं वळण घ्यायला त्यांना तीनदा मागं-पुढं करावं लागलं. गाडी बंद करून तसेच बसून राहिले.

"उमाजी, सोमवारी गुलबर्ग्याचा एक कंत्राटदार यायलाय. नाकतोडा त्याला देऊन टाकतो," म्हणले.

"अन् तुमी?"

"मी काय, घरी बसतो. वसरीवर बाज टाकून."

 ज्या माणसाला मी कधी बसलेला बघितला न्हाई, तो बाजेची गोष्ट करायला लागला. मी म्हणलो, "अप्पा, रविवारपर्यंत गाडी माझ्याकडं ठेवा. तुमी एका हातानं फिरवाल असं स्टेरिंग करून देतो."

"तसं झालं तर न्हाई देत कुणाला," ते म्हणले. पण त्यांचा काय विश्वास दिसला न्हाई.

गुरुवारी मी टायरात हवा वाढवली. टायर टणक झालं की जमिनीला कमी चिकटतं, स्टेरिंग हलकं व्हतं. झालं बी थोडं. पण डॉक्टरअप्पा बाजारापर्यंत जाऊन आले अन् कमरेला हात लावून उतरले. "चण्याच्या पोत्यावर बसल्यागत व्हायलंय," म्हणले. हवा परत कमी केली.

शुक्रवारी स्टेरिंगच्या पेटीचा स्क्रू ढिला केला. आता स्टेरिंग बोटानं फिराय लागलं. मी मिशीला पीळ दिला. डॉक्टरअप्पा गेले अन् लगेच माघारी आले.

"उमाजी, हलकं झालं, पण मुकं झालं," म्हणले. "मी इकडं फिरवतो, गाडी तिकडं विचार करत बसती. खाली काय चाललंय ते हाताला कळाय पायजे का न्हाई?"

"तुमाला हलकं पायजे का बोलकं पायजे, एक काय तरी सांगा," मी जरा चिडूनच म्हणलो.

"दोन्ही पायजे. पहिल्यांदा दोन्ही व्हतं."

पहिल्यांदा दोन्ही व्हतं. हे ते सरळ बोलले, अन् मी ते सरळ ऐकलं न्हाई. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी मनात गाडीलाच शिव्या दिल्या. पेटीचा स्क्रू परत व्हता तसा केला.

शनिवारी मी अक्कल पाजळली. स्टेरिंगचं चाक मोठं असलं की जोर कमी लागतो, हे सायकलवाल्याला बी कळतं. मोडलेल्या लॉरीचं स्टेरिंग काढलं अन् जुळवून नाकतोड्याला बसवलं. डॉक्टरअप्पाचं पोट काय लहान न्हाई. आत बसताना कसेबसे बसले, पण चाक फिरवलं की ते पोटावर घासाय लागलं. उतरायची वेळ आली तवा उतरता येईना. मी एका बगलेत अन् हॉटेलवाला हावगेप्पा दुसऱ्या बगलेत, असं दोघांनी मिळून त्यांना उपसून काढलं. सगळा नाका हसला. डॉक्टरअप्पा बी हसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणले, "राहू दे रे. तू लई केलास." त्या हसण्यापेक्षा हे मला जास्त लागलं.

रविवारी बाजार. माझा मेहुणा इरप्पा दुबलगुंडीहून बैलगाडी घेऊन आला. गाडीचं चाक कुईकुई करत व्हतं, म्हणून गॅरेजपुढं बैल सोडून वंगण घालाय बसला. आसाखाली लाकडाचा टेकू लावून चाक उचलायची त्याची खटपट चालली व्हती, अन् अनसाबाई टेकू धरून उभी व्हती. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हणलो, "आरं, एवढा खटाटोप कामून करायलास? वरून घाल की तेल, जातंय आत."

इरप्पा माझ्याकडं बघतच राहिला. "दाजी, वझं बसलेलं असताना वंगण कुठनं जाईल? जिथं घासतंय तिथंच तर सगळं दाबून बसलेलं असतंय. आधी वझं काढाव, मग वंगण घालाव. हे तर आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतंय."

माझ्या हातातला पाना हातातच राहिला.

मोटारीच्या पुढच्या चाकाला वळाय जो उभा दांडा असतो, त्याला आमच्यात किंगपिन म्हणतात. पुढचं सगळं वझं त्याच्या बुडातल्या एका चकतीवर बसतं. त्याला ग्रीस मारायचं तर आधी जॅक लावून चाक उचलावं लागतं. हैदराबादला उस्ताद तसंच करायचा. मला तो वेळखाऊपणा वाटायचा. माझं गॅरेज झाल्यापासून मी चाक जमिनीवर ठेवूनच ग्रीस मारत आलो. जिथं जागा असंल तिथनं ते वर यायचं, मला वाटायचं भरलं. लॉरीवाले दांडगे गडी, जड झालं तरी दोन शिव्या देऊन फिरवतात. पण डॉक्टरअप्पा लॉरीवाले नव्हते.

"इरप्पा, तुझी गाडी राहू दे. इकडं ये," मी म्हणलो.

दोघांनी मिळून नाकतोड्याची पुढची बाजू उचलली. चाकं काढली, किंगपिन काढल्या. वरल्या बाजूला माझं सात वर्षांचं ग्रीस डांबरागत वाळून बसलेलं. अन् खाली, जिथं वझं बसतं तिथं, ग्रीसचा थेंब न्हाई. चकत्या कोरड्याठाक, चरे पडलेल्या. मी त्या तळहातावर घेतल्या अन् मला माझीच लाज वाटली.

घासलेटनं सगळं धुतलं, ग्रीस जायची भोकं तारेनं मोकळी केली, नव्या चकत्या कानशीनं घासून मापाला आणल्या. सगळं बसवल्यावर चाकं अधांतरी ठेवूनच ग्रीस मारलं, डावी-उजवीकडं फिरवत राहिलो, खालून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. त्याचं त्याचं जुनं स्टेरिंग परत चढवलं. गाडी खाली सोडली, थोडी ढकलली अन् एका हातानं स्टेरिंग वळवलं. वळलं. एवढं सोपं वळलं की मला आनंद बी झाला न्हाई.

अनसाबाई चहा घेऊन आली व्हती. तिनं ते बघितलं. कपबशी खाली ठेवली अन् म्हणली, "म्हणजे अप्पाचे हात गेलेच नव्हते."

मी मान खाली घातली.

"मग माझी म्हैस कशानं मेली वो?"

ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली न्हाई. नुसती उभी राहिली, अन् जाताना म्हणली, "अप्पाला तुमी सांगणार का मी सांगू?"

दिवस कलताना डॉक्टरअप्पा आले. मी चावी दिली. ते बसले अन् नाक्यावरचं तेच वळण एका दमात घेऊन गेले. पंधरा मिनिटांनी माघारी आले तवा त्यांचं तोंड बघण्यासारखं झालतं. सात वर्षांत तसं बघितलं नव्हतं.

"उमाजी, कळायलंय रे," म्हणले. "कुठं मुरूम हाय, कुठं फुफाटा हाय, सगळं बोटाला कळायलंय. जनावराच्या पोटात हात घातल्यावर हा पाय हाय, ही मान हाय, असं कळतंय न्हवं, तसं. काय जादू केलास?"

नवा पार्ट बसवला, एवढं म्हणलो असतो तर काम झालं असतं. गावभर माझं नाव झालं असतं. जिभेवर आलं बी व्हतं. पण दारात अनसाबाई उभी व्हती.

मी सगळं सांगितलं. उस्ताद काय करायचा, मी काय केलं, इरप्पा काय म्हणला. "अप्पा, तुमचे हात कधी गेलेच न्हाईत. माझा आळस व्हता तो. अन् वर मी तुमचं वय काढलं."

डॉक्टरअप्पानी स्टेरिंगवरचे दोन्ही हात उचलले, उलटे करून बघितले, मुठी मिटल्या, उघडल्या.

"सात वर्षं?"

"व्हय."

 मग म्हणले, "तुझ्या म्हशीच्या वेळी मनात आलतं, बाही वर करावी. मग वाटलं, ज्या हातांना लोखंडाचं चाक ऐकत न्हाई, त्यांना आतलं मुकं रेडकू काय ऐकंल? म्हणून माघारी फिरलो. घरी जाऊन झोपलो न्हाई मी त्या दिवशी."

मला रडू आलं. लपवून काय करायचं, गॅरेजपुढं, बाजारच्या दिवशी, मी रडलो. डॉक्टरअप्पा मला रागावले असते तर मी ते हक्कानं घेतलं असतं. ते म्हणले, "पूस डोळे. तू सांगितलास तरी. न्हाई सांगितला असतास तर मी असाच मेलो असतो, हात गेले म्हणत."

अनसाबाई पदर सावरून पुढं आली. गाडीच्या दाराशी उभी राहिली.

"अप्पा, त्या म्हशीची वगार हाय माझ्याकडं. थोरली लेक तिची. गाभण हाय, चैतात व्यायची."

डॉक्टरअप्पानी वर बघितलं.

"तुमीच यायचं," ती म्हणली. "बीदरच्याला मी बोलावणार न्हाई."

"अन् अडली तर, अनसाबाई?"

"अडली तर हात घालायचा. तुमचाच."

डॉक्टरअप्पानी गाडी चालू केली. मग मान हलवून म्हणले, "येतो. उमाजी, उद्या तो कंत्राटदार इथं विचारत आला तर सांग त्याला, गाडी कामाला गेली." अन् नाकतोडा वळवून, एक हात दारावर टाकून, ते घराकडं गेले.

मी तिथंच उभा राहिलो. अनसाबाई माझ्याकडं बघितली न्हाई, पण जाताना मघाची कपबशी उचलून, "गार झाला, दुसरा टाकते," एवढं म्हणली. तेवढ्यावर मी दिवस काढला असता.

मागनं इरप्पाचा आवाज आला. "दाजी, माझी गाडी सकाळपासनं तशीच पडलीय. बाजार बी उठला. एका चाकाचं वंगण राहिलंय."

"चाक उचलायचं का?" मी विचारलं.

"मग काय वरून घालू?"

मी आसाखाली खांदा लावला अन् वझं उचलून धरलं, त्याचं सावकाश वंगण घालून होईपर्यंत.