माणसासकट घर

पेणच्या दिनानाथकाकांनी घर सोडायला सांगितलं तेव्हा मनालीला राग आला नाही. रागावायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. सासूबाई जाऊन तीन महिने झाले होते. त्याआधी दोन वर्षं त्या अंथरुणावर होत्या, आणि त्या दोन वर्षांत मनालीच्या पाठीत जो ठणका शिरला होता तो त्यांच्याबरोबर गेला नव्हता.

"मुलाचं लग्न ठरलंय, खालचं घर त्याला लागणार. मेपर्यंत बघा तुमचं," काका ओशाळून म्हणाले.

"बघतो ना काका," मनाली म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

सुजय, तिचा नवरा, रोह्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर होता. तिन्ही शिफ्ट. पेणहून जायचं आणि पेणला यायचं. त्याला काकांचा निरोप ऐकून बरंच वाटलं. "शोधायचंच हाय तर रोह्यातच शोधू. माझं जाणं-येणं वाचेल. दिशाला तिथं शाळा हायत. आणि तुला काय, मेमू हाय की."

मनाली हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची. लहान मूर्तींची आखणी, म्हणजे डोळे, भुवया, गंध, तिच्याकडे असायची. रोह्याहून सुटणारी मेमू गाडी हमरापूरला थांबते हे खरंच होतं. म्हणजे रोजचा प्रवास सुजयच्या डोक्यावरून उतरून तिच्या डोक्यावर येणार होता. हे तिच्या लक्षात आलं, पण ती बोलली नाही. दिशा आठवीत जाणार होती, शाळा बदलायची तर आत्ताच.

मग रविवारी रोह्याला जायचं आणि घरं बघायची, असं सुरू झालं. एका घरमालकाने आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावातली आळी विचारली, आणि घर आधीच दिलंय म्हणाला. एकीकडे मालकीण वरच राहायची. पाहुणे मुक्कामाला आणायचे नाहीत, मासळी तळायची नाही, गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, अशी तिची यादी खाली उतरेपर्यंत संपली नाही. एक घर चांगलं होतं, नदीच्या अंगाला, हवेशीर. पण त्याच्या भिंतींना छातीपर्यंतच नवा रंग होता. मनालीने त्यावरून हात फिरवला. खाली पोपडे फुगलेले लागले.

"पावसात पाणी किती चढतं हितं?" तिने विचारलं.

"कधीतरी येतं, लगेच उतरतं," मालक म्हणाला. ते घरही गेलं.

सॅमसनकाकांचं घर सुजयच्या कंपनीतल्या कोणीतरी सुचवलं. बाजारापासून आत, शांत गल्लीत, कौलारू बैठं घर. दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर, मागे विहीर आणि नळाला दोन्ही वेळ पाणी. दाराच्या चौकटीवर ज्यूंच्या घरी असतो तसा मेझुझा तिरका ठोकलेला होता, बोटाएवढी पितळी नळी, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. दार उघडलं ते काकांच्या मुलीने, डेबोराने. पन्नाशीची, केस बारीक कापलेले. लग्न झाल्यापासून ती इस्रायलमध्ये राहत होती, पण मराठी अजून रोह्याचीच होती.

"आम्हाला फॅमिलीच हवी होती," ती म्हणाली. "बॅचलर नको, कंपनीची गेस्टहाऊसवाली माणसं नकोत. घरात घरची माणसं नांदायला हवीत."

तिने भाडं सांगितलं तेव्हा सुजयने मनालीकडे पाहिलं. आतापर्यंत बघितलेल्या कुठल्याही घराच्या निम्म्याने होतं. डिपॉझिटचं विचारलं तर ती म्हणाली, "तुम्हाला जमेल तसं द्या."

"काका इथंच राहतात?" मनालीने विचारलं.

"मागच्या खोलीत. त्यांचं वेगळं आहे सगळं. डबा लावलेला आहे. तुम्हाला काही त्रास नाही. फक्त जरा लक्ष असू द्यायचं."

मागच्या खोलीत सॅमसनकाका खुर्चीत बसले होते. उंच, हाडापेराने मोठा माणूस, डावा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. टीव्ही चालू होता, आवाज बंद. सुजयने नमस्कार केला. काकांनी मान हलवली. त्यांना काही विचारलं की डेबोराच उत्तर द्यायची.

सुजय विहीर बघायला गेला. मनाली खोलीतच उभी राहिली. तिला हे सगळं ओळखीचं होतं. पलंगाखाली चादरीआड सरकवलेली भोकाची खुर्ची. बाथरूममध्ये भिंतीला नुकताच बसवलेला दांडा, त्याच्याभोवतीचं सिमेंट अजून ओलसर. परसात दोरीवर धुऊन टाकलेला रबरी कपडा. आणि या खोलीतून त्यांच्या होणाऱ्या स्वयंपाकघरात उघडणारं एक दार. स्वयंपाकघराच्या बाजूला कडी नव्हती. कडीच्या जागी चार स्क्रूंची भोकं होती.

"रात्री उठतात का हे?" तिने विचारलं.

"अधूनमधून," डेबोरा म्हणाली. "म्हातारपण. चला, तुम्हाला माळा दाखवते."

परतीच्या गाडीला वेळ होता. रोह्याच्या फलाटावर बाकावर बसून सुजय हिशोब करत होता, दिशाला सायकल घेता येईल का म्हणून. मनाली म्हणाली, "ते घर नको."

"काय?"

"घर नाय ते. नोकरी हाय. त्यांना त्या म्हाताऱ्याला बघायला बाई हवीय. भाडं कमी त्यासाठीच हाय."

"मग काय झालं? एकटा माणूस हाय बिचारा. जरा बघितलं तर कुठं बिघडलं? माणुसकी म्हणून काय हाय का नाय?"

मनाली सावकाश म्हणाली, "माणुसकी तुझ्या तोंडात हाय, सुजय. करायला माझे हात लागतात. आईंना दोन वर्षं मी उठवलं, बसवलं, धुतलं, पुसलं. तू शिफ्टवरून यायचास, आई कशी हाय विचारायचास आणि झोपायचास. मी तक्रार नाय केली. पण माझ्यात आता नाय राहिलं काय. परक्या माणसासाठी तर नायच."

सुजय उठून फलाटाच्या कडेला गेला. तो रागावला होता की लाजला होता, हे तिला कळलं नाही, आणि कळून घ्यायचा उत्साहही नव्हता. गाडी आली.

त्या आठवड्यात कारखान्यात काम करताना तिला ते घर आठवत राहिलं. पाणी, परस, मोठं स्वयंपाकघर. घर चांगलं होतं म्हणूनच वाईट वाटत होतं. आणि एक गोष्ट खटकत होती. त्या दिवशी सगळे बोलले, पण ज्याचं घर त्याला कोणी काही विचारलंच नाही.

गुरुवारी तिने अर्धा दिवस घेतला आणि एकटीच रोह्याला गेली. डेबोरा बँकेत गेली होती. दार शेजारणीने उघडून दिलं. काका खुर्चीतच होते.

"तू परवा आलेलीस," ते म्हणाले. बोलणं जरा जड होतं, पण स्पष्ट. "घर आवडलं?"

"घर आवडलं काका. पण मला खरं सांगा. रात्री किती वेळा उठावं लागतं तुम्हाला?"

काका म्हणाले, "बस गो. आधी बस. दोनदा तरी उठतो. धरायला माणूस लागतो. नाही धरलं तर पडतो. आधीची भाडेकरीण चांगली होती, पण दमली. एकदा तिच्या अंगावरच पडलो. महिन्याने गेले ते लोक. तिने काही सांगितलं नाही. पण मला कळत नाही का?"

"मी सासूचं केलंय दोन वर्षं," मनाली म्हणाली. "मला आता नाय होणार. तुमच्या तोंडावर सांगायला वाईट वाटतं."

"वाईट कसलं? मलाही नको आहे. भाडेकरणीने मला धुवायचं? सिपोरा असती तर तिने ऐकूनच घेतलं नसतं." सिपोरा त्यांची बायको; तिचा फोटो टीव्हीच्या वर होता. "निडी गावचा काळुराम आहे. दवाखान्यात वॉर्डबॉय होता, आता घरी बसलाय. तो लहान असल्यापासून मला ओळखतो. राहायला येतो म्हणाला, पगारावर. डेबोरा म्हणते, परक्या माणसाच्या हातात नाही द्यायचं पपांना. माझा मुलगा जोनाथन तिकडून फोनवर म्हणतो, इस्रायलला या. मी सांगून सांगून दमलो. तू सांग तिला."

"मी कशी सांगू?"

"तुलाच तर सांगता येईल. तुला घर हवंय."

डेबोरा आली तेव्हा मनाली अजून तिथेच होती. डेबोराने चहा टाकला, आणि चहा होईपर्यंत मनालीने मनात वाक्यं जुळवली. ती जुळली नाहीत. शेवटी ती सरळच म्हणाली.

"ताई, घर आम्हाला हवंय. पण गल्लीतल्या बाकीच्या घरांना जेवढं भाडं पडतं तेवढं आम्ही देऊ. त्यातून तुम्ही काकांसाठी काळुरामला ठेवा. स्वयंपाकघराच्या दाराला आमच्या बाजूनं कडी लावून द्या. आणि ॲग्रीमेंटात लिहा की काकांचं रोजचं करणं आमच्यावर नाय. अडीनडीला हाक मारली तर आम्ही धावूच, ते लिहायला नको. पण रोजचं नाय."

डेबोराने कप खाली ठेवला. "मला पैसे नको होते हो. घरचं माणूस हवं होतं. परक्याच्या हाती कसं सोपवू मी त्यांना?"

"मीपण परकीच ना, ताई."

डेबोराचा चेहरा ताठ झाला. "तुम्हाला वाटतंय मी बापाला टाकून चाललेय. तिकडे माझी नोकरी आहे, मुलं आहेत. वर्षातून दोनदा येते मी. तिकीट काढताना तिकडचे म्हणतात पुन्हा चाललीस, आणि इथे आले की शेजारचे म्हणतात एवढ्यात निघालीस. कुठे म्हणून पुरी पडू मी?"

"मला तसं नाय वाटत," मनाली म्हणाली, आणि ते खरं होतं. समोर बसलेल्या बाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने आरशात रोज पाहिली होती. पण म्हणून ती आपल्या शब्दांवरून हलली नाही. तिने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि निघाली.

पंधरा दिवस काही कळलं नाही. "गेलं घर हातचं," सुजय दोन-तीनदा म्हणाला. त्यांनी नदीपलीकडच्या अष्टमी गावात एका बिल्डिंगमधला ब्लॉक बघितला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेला, पाणी सकाळी तासभर. मनालीने जिने मोजले नाहीत, फक्त वर पोहोचल्यावर पायरीवरच बसली. तोच घ्यायचा असं ठरत आलं होतं, आणि डेबोराचा फोन आला.

"तुमच्यानंतर बरीच माणसं येऊन गेली," ती म्हणाली. आवाज थकलेला होता. "सगळे लगेच हो म्हणाले. काय सांगाल ते करू म्हणाले. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की पपा रात्री उठतात का. मला भीती वाटायला लागली. पपा तर म्हणतात ती नसेल तर मला कोणीच नको. कडी लावून घेतली आहे. काळुराम सोमवारपासून येतोय. तुम्ही या."

मेच्या शेवटी ते राहायला गेले. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, रजिस्टर केलेलं, पोलीस स्टेशनात नोंद केलेली. काकांचं कलम वकिलाने दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "हे असं कशाला?" डेबोराच म्हणाली, "असू द्या."

सुख असं काही उतू चाललं नाही. कौलं एका कोपऱ्यात गळत होती आणि कौलं शाकारणारा माणूस आज येतो, उद्या येतो करत होता. मनालीला पहाटेची मेमू पकडावी लागायची. गणपती जवळ येत होते, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत डोळे चुरचुरायचे. काळुराम बरा होता. जरा जास्त बोलायचा, तंबाखू खायचा, पण काकांना हलक्या हाताने उठवायचा. कधीकधी काका दारावर टकटक करून दिशाला बोलवायचे आणि तिच्याकडून पेपर वाचून घ्यायचे. मनालीने ते चालू दिलं.

जुलैत काळुराम भातलावणीसाठी गावी गेला. आठवडाभर येणार नव्हता. जाण्याआधी त्याने सांगितलं होतं, डेबोरालाही फोन केला होता. बदलीचा माणूस मिळाला तो दुपारी येऊन रात्रभर थांबणारा. सकाळचं कोण करणार, हा विषय घरात दोन दिवस कोणी काढला नाही. मनालीने मनाशी ठरवलं होतं की आपण काढायचा नाही. सुजयची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. दुपारपर्यंत तो घरी असायचा.

पहिल्या सकाळी ती डबा भरत होती. सुजय आतल्या दारातून बाहेर आला. बनियन भिजलेला, कमरेवर हात, चेहरा लाल.

"काका जड हायत," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली.

तो तिथेच उभा राहिला. डब्याचं झाकण लावून झालं, पिशवी भरून झाली, तरी तो गेला नाही. मग खाली बघत म्हणाला, "आईला कशी उठवायचीस गो तू? एकटी?"

मनालीने घड्याळाकडे पाहिलं. गाडी चुकणार होती. पुढची बरीच उशिरा होती, आणि कारखान्यात मालक कुरकुरला असता. तिने पिशवी ओट्यावर ठेवली.

"चल, दाखवते," ती म्हणाली. "हातानं ओढायचं नाय. आधी त्यांचे पाय जमिनीवर टेकव. मग तू जवळ जा, अगदी जवळ, तुझा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागला पाहिजे. त्यांना पुढं झुकू दे. आणि उचलायचं ते पाठीतून नाय, मांडीतून."

आत काका पलंगाच्या कडेला बसले होते. मनालीने हात लावला नाही. ती दारात उभी राहून सांगत गेली, आणि सुजय करत गेला.