लाल लुगड्यातून सुरतेला

मी एक जुने खापर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेसुद्धा नसेल. पाहिले असेल तर 'हे काळे मडके उलटे का ठेवले आहे?' असे विचारले असेल. मला मडके म्हटलेले मुळीच आवडत नाही. मडक्यात पाणी भरतात. माझ्या पाठीवर मांडे भाजतात. मांडे म्हणजे आपल्या खानदेशातली ती रुमालाएवढी मोठी, पातळ पुरणपोळी. तव्यावर ती मावत नाही आणि मावली तरी तिला ती चव येत नाही. हे मी माझ्या तोंडाने सांगू नये, पण दुसरे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो.

माझा जन्म खांडबाऱ्याचा. तिथल्या दगा कुंभाराने मला चाकावर घडवले, थापटून थापटून गोल केले आणि भट्टीत असे भाजले की माझा आवाज घंटेसारखा खणखणीत झाला. आठवडी बाजारात नंदुरबारच्या सुंदरबाईंनी मला बोटाने वाजवून पाहिले आणि उचलून मांडीवर घेतले. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. दगा म्हणाला, "बाई, नवं खापर शे. धीरे धीरे तपाडजो. घाई कराई का तडकनं."

सुंदरबाईंनी ते शब्द मनात जपले. काय सांगू तुम्हाला त्या दिवसांबद्दल! आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिवाळीला, जावई आले की, मुलगा पास झाला की, चुलीवर मी असायचोच. सुंदरबाई सैलसर कणकेचा पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायच्या आणि या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत पसरवायच्या. मग तो अलगद माझ्या पाठीवर उतरायचा. पंगतीत लोक बोटे चाटायचे. धाकटी रुपा माझ्याजवळ बसून पहिल्या मांड्याची वाट पाहायची. पहिला मांडा नेहमी तिचाच असे.

मग घरात गॅस आला, चकचकीत तवे आले आणि मी माळ्यावर गेलो. रुपा लग्न होऊन सुरतेला गेली. माझ्या पोटात आधी कांदे ठेवले, मग जुन्या चपला. चपला, मित्रांनो! मी त्यांची धूळ पोटात घेतली. दुसरे काय करणार?

खाली घरात सुंदरबाईंचेही माझ्यासारखेच चालले होते. त्यांचा मुलगा हेमकांत नोकरदार, आईवर जीव टाकणारा. दारात गाडी उभी. पण त्याचे एकच पालुपद, आईने एकटीने कुठे जायचे नाही, मी गाडीने नेईन. आणि नेणार कधी? पुढच्या रविवारी. एकदा तो खरोखर त्यांना घेऊन सुरतेला गेला. पण गाडी लावायला जागा मिळेना. एका पुलाखालून तीनदा फिरला, रुपाच्या गल्लीत शिरला तर समोरून टेम्पो, मागे गाड्यांची रांग. शेवटी रुपा रस्त्यावर आली, खिडकीतून आईचा हात धरला, आणि मागच्या गाड्यांनी असा काही कल्ला केला की हेमकांतने गाडी वळवून थेट नंदुरबार गाठले. लेकीच्या घराचा उंबरठाही न ओलांडता सुंदरबाई परत आल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हे मी माळ्यावरून पाहिले आहे.

यंदा श्रावणात रुपाने सुरतेत त्याच गल्लीत स्वतःचे घर घेतले. रविवारी वास्तुशांत होती. तिने सासरच्या सगळ्यांना सांगून ठेवले होते, की माझी माय येणार आणि खापरावरचे मांडे करणार. आणि शनिवारी हेमकांतला ऑफिसातून फोन आला, की रविवारी हजर राहा.

"माय, आपुन पुढला आयतवारले जाऊत," तो म्हणाला.

"तुन्हा पुढला आयतवार काही येत नही," सुंदरबाई म्हणाल्या. "मी रेल्वेनी जासू. सकाळले जासू, संध्याकाळले परत येसू. खापरबी लई जासू."

"एकली? त्या गर्दीम्हा? आनि खापर फुटी गये म्हंजे?"

"फुटी ते फुटी. पन पोरना घरले मी जासूच."

हेमकांत तोंड उघडून काही बोलणार, तोच सून चेतना माळ्यावर चढलीसुद्धा. "जाऊ द्या त्यासले," ती म्हणाली. "मी बांधी देस खापर." तिने चपला बाहेर फेकल्या, मला पुसले, पोटात जुनी गोधडी कोंबली आणि वरून सुंदरबाईंचे लग्नातले लाल लुगडे गुंडाळून गाठ मारली. इतक्या वर्षांनी मला कोणीतरी नटवले. मला आनंद झाला, पण भीतीही वाटली. मी फुटलो तर फक्त मी फुटणार नव्हतो. सुंदरबाईंना पुन्हा कोणी एकटे जाऊ दिले नसते.

सकाळी वहाबभाईंची रिक्षा आली. सुंदरबाईंनी मला मांडीवर घेतले. वहाबभाई प्रत्येक खड्ड्याशी रिक्षा थांबवल्यासारखी करत म्हणाले, "काकू, फिकर नका करू. तुमना खापरले डचका लागू देनार नही." आणि दिला नाही. मागून कोणी हॉर्न वाजवला तर ते त्यालाच रागवत.

गाडीला मात्र तुफान गर्दी होती. सुंदरबाई कशाबशा चढल्या. एक चुनीलाल नावाचे गृहस्थ बाकावर पाय पसरून झोपेचे सोंग घेऊन पडले होते. सुंदरबाई उभ्याच. प्रत्येक धक्क्याला माझी कड कोणाच्या ना कोणाच्या पेटीवर आपटता आपटता वाचत होती. खांडबारा आले. माझे गाव! दगा कुंभाराची आठवण येते न येते तोच भुरीबाई नावाची एक धिप्पाड बाई आत घुसली. तिने लाल लुगड्यातला तो गोल ऐवज पाहिला, सुंदरबाईंनी तो उराशी किती जपून धरला आहे तेही पाहिले, आणि पायातली चप्पल काढून चटकन हात जोडले.

"कानबाई शे ना माय? सुरतले चालनी का?"

मित्रांनो, श्रावणात खानदेशात घरोघर कानबाई बसते. ती आपल्या माणसांची लाडकी देवी. श्रावणात कोणी लाल कपड्यात काही जपून नेत असले, की आपल्या माणसाला दुसरे काय सुचणार? सगळा डबा उठून उभा राहिला. चुनीलालांचे सोंग क्षणात उतरले. त्यांनी पाय आवरले आणि खिडकीची जागा दिली. एका म्हातारबाबांनी माझ्यावर फूल वाहिले. मी तर शरमून गेलो. कालपर्यंत माझ्यात चपला होत्या!

सुंदरबाईंना खोटे खपेना. "वो बाई, देवी नही," त्या म्हणाल्या. "खापर शे. पोरना घरनी वास्तू शे, मांडा कराले लई जास."

डबाभर हशा पिकला. चुनीलाल आपली जागा परत मागतात की काय, असे मला वाटले. पण भुरीबाई ठसक्यात म्हणाली, "मंग काय झाये? खापरना बिगर कानबाईले निवद तरी व्हस का? बठा माय तुमी!" आणि चुनीलालही हसून म्हणाले, "बठा, बठा. आते कोन उठाडस तुमले?"

मग काय विचारता! मी खिडकीत बसून सगळा रस्ता पाहिला. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत, म्हणजे बसल्या जागी मी परराज्यात गेलो. भुरीबाईने सुंदरबाईंना भाकर दिली, सुंदरबाईंनी तिला शेवया दिल्या.

खरी कसोटी सुरतेच्या अलीकडच्या उधना स्टेशनवर होती. उतरणारे उतरायच्या आतच चढणारे आत घुसले. सुंदरबाईंनी मला डोक्यावर घेतले आणि त्या दारातच अडकल्या. मागून रेटा, पुढून रेटा. कोणाची तरी लोखंडी ट्रंक माझ्यावर येत होती. संपलो, असे मी म्हणालो. तेवढ्यात मागून भुरीबाईची आरोळी आली, "सरका! सरका! कानबाई उतरी ऱ्हायनी!"

तिला ठाऊक होते मी कोण ते. तरीही ती ओरडली, आणि चुनीलालांनीही तिच्या आवाजात आवाज मिसळला. उधन्यात निम्मे लोक आपल्याकडचेच. गर्दी दुभंगली, दोन तरुणांनी हात पसरून वाट केली आणि सुंदरबाई राणीसारख्या खाली उतरल्या. वळून त्यांनी भुरीबाईकडे पाहिले. दोघींना हसू आवरेना.

पुढे सिटी बस. सुंदरबाईंनी आपल्या खानदेशी अहिराणी बोलीत पत्ता विचारला आणि त्यांना अहिराणीतच उत्तर मिळाले. ज्या गल्लीत गाडीने हार खाल्ली होती, तिच्यातून आम्ही पायी सहज गेलो. दारात रुपा उभी होती. ती आईच्या गळ्यात पडली आणि मी दोघींच्या मध्ये चेपलो गेलो.

इमारतीमागे तीन विटांची चूल मांडली होती. पाहुणे घाई करत होते, पण सुंदरबाई अगदी मंद आच ठेवून बसल्या. इतक्या वर्षांच्या थंडीनंतर मला अंगात कडकड जाणवली. आता तडकतो की काय! सुंदरबाईंचा हात माझ्यावरून हळूच फिरला. "धीरे धीरे, बापा," त्या पुटपुटल्या. मी धीर धरला. मी तडकलो नाही! पहिला मांडा फुगला, खमंग वास वर चौथ्या मजल्यापर्यंत गेला. तो पहिला मांडा रुपाने खाल्ला. मग तिच्या सासूबाईंनी, मग साऱ्या इमारतीने. शेजारच्या गुजराती बायका तर मोबाईल काढून माझे फोटो घेत होत्या. माझे!

निघताना रुपा म्हणाली, "माय, खापर आठेच ऱ्हाऊ दे."

"नही," सुंदरबाई म्हणाल्या. "हाई मन्हासंगे येई. तुले मांडा खावाना मन व्हयना का सांग. आम्ही दोन्ही येसूत."

संध्याकाळी आम्ही नंदुरबारला उतरलो, तेव्हा हेमकांत फलाटावर येरझाऱ्या घालत होता. त्याने आधी आईला पाहिले, मग मला वाजवून पाहिले. मी खणखणीत वाजलो. तो ओशाळून हसला. "माय, पुढला टायमले मी गाडीनी सोडी देसू."

"सोड ना," सुंदरबाई म्हणाल्या. "टेशनलोंग सोड. पुढे रेल्वे शे ना!"

मित्रांनो, आता मी माळ्यावर नसतो, ओट्याजवळच्या फळीवर असतो. माझे एवढेच मागणे आहे. घरातली जुनी वस्तू आणि घरातले जुने माणूस जपायचे म्हणून कोपऱ्यात ठेवू नका. मंद आच द्या, थोडा धीर धरा आणि मग पाहा. आखाजीचे सुरतेचे तिकीट आमच्या सुंदरबाईंनी हेमकांतला आताच काढायला सांगितले आहे.