रुखमाच्या रिळांवरचे तांदूळ

“आधी ऐक, मंग काप. कापल्यावर ऐकून काई फायदा नाई.”

वासुदेवराव गुरुजींचे हे बोलणे अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कॅसेटचा नव्हे, बशीएवढ्या दोन रिळांचा. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला सांगता येत नाही. नावाची पाटी केव्हाच गळून पडली. १९७९ च्या उन्हाळ्यात गुरुजींनी मला नागपूरच्या जुन्या बाजारातून घेतले आणि एसटीत मांडीवर ठेवून आंबागडला आणले, ते रुखमासाठी.

रुखमा तेव्हा बावीस वर्षांची होती. लहानपणी देवी आल्या आणि तिचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. तिला बाहेरून मॅट्रिकला बसायचे होते. उत्तरे लिहायला लेखनिक मिळणार होता, पण धडे वाचून कोण दाखवणार? गुरुजींची तर जूनमध्ये लाखांदूरला बदली ठरलेली. म्हणून त्यांनी सगळा उन्हाळा माझ्यासमोर बसून पुस्तके वाचली.

वाचताना गुरुजी खोकत, बाहेर म्हैस हंबरे, कोणी पाणी मागे. हे सारे रुखमा नंतर काढून टाकी. ती माझी रिळे हाताने हळूहळू फिरवी. गुरुजींचा आवाज लांबत लांबत घोगरा होई आणि खोकल्याची सुरुवात नेमकी सापडली, की ती तिथे अंगठ्याचे नख रोवी. मग ब्लेडने तिरपा काप, चिकटपट्टीचा सांधा, आणि सांधा गुळगुळीत झाला का ते ती ओठाने पाही. एकदा दोन तुकड्यांची अदलाबदल झाली. पानिपतावर गेलेले सैन्य निघण्याआधीच हरून परत आले. गुरुजी खळखळून हसले. “रुखमा, तू तं लढाईच्या आधीच हरवलं आमाले.”

कोणते रीळ कशाचे, हे तिला कळावे म्हणून तिने डिंकाने तांदळाचे दाणे चिकटवले होते. मराठीच्या रिळांना एक, भूगोलाच्या दोन, इतिहासाच्या तीन. दाणा नाही ते रीळ कोरे. प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला ती दहा अंक मोजेपर्यंत जागा रिकामी सोडी, म्हणजे रीळ चढवताना शब्द खाल्ला जात नसे. मित्रांनो, एवढ्या काळजीने मला त्यानंतर कोणी हाताळले नाही.

दसऱ्याला आमच्याकडे घरातली सगळी अवजारे पुजतात. विळे, कुऱ्हाडी, वखर. त्या वर्षी रुखमाच्या वहिनीने, सत्यभामाबाईने, मलाही पाटावर बसवले. बाई फार भाविक. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. माझ्याजवळ इतिहासाची दोन रिळे होती. त्यांवरचे तांदूळ तिला गेल्या पूजेच्या शिळ्या अक्षता वाटल्या. शिळ्या अक्षतांवर नव्या कशा वाहायच्या? तिने नखाने एकेक दाणा खरवडला, ओल्या फडक्याने रिळे पुसली, हळदकुंकू वाहून हात जोडले. नव्या अक्षता संध्याकाळपर्यंत झडून गेल्या.

कोजागिरीला गावात गोपीचंद शेठचा सत्कार होता. धानाच्या गिरणीचे मालक ते. त्यांचे भाषण टेपावर हवे होते. रुखमा आधी नको म्हणाली, तर शेठ ओसरीवरूनच बोलले, “आंधळीच्या घरी मशीन, आन् गावाच्या कामाले नाई?” तिचा दादा भोजराज ओशाळला आणि तिला आत जाऊन घाई करू लागला. तिने चाचपून बिनदाण्याची दोन रिळे काढली. सवयीने सुरुवात ऐकली. दहा अंकांपर्यंत शांतता. कोरीच असणार.

दोन तास मी शेठचे भाषण ऐकले, आणि माझ्याच डोक्याखाली गुरुजींचा आवाज पुसला गेला. मला थांबता आले नाही. यंत्राला थांबवणारे बोट लागते. ते भाषण पुन्हा ऐकायला शेठ कधी आले नाहीत.

“आंधळीच्या हाती मशीन देल्यावर आनखी काय होईन?” इतिहास पुसला गेल्याचे कळल्यावर भोजराज म्हणाला. गावही तेच म्हणाले, आणि रुखमानेही तेच खरे मानले. इतिहास पुन्हा वाचून द्या, असे गुरुजींना पाठवायचे पत्र भोजराज आज टाकतो, उद्या टाकतो म्हणत राहिला. मार्चमध्ये ती परीक्षेला बसली. सगळे विषय सुटले, इतिहास तेवढा राहिला. त्यानंतर तिने मला हात लावला नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली, मोडक्या सुपाशेजारी.

सत्यभामाबाईला सारे ठाऊक होते. रिळे बिघडल्याचे कळले त्याच दिवशी तिला ते तांदूळ आठवले होते. तिने उपास वाढवले, प्रदोष धरला, चप्पल सोडली. फक्त तोंड उघडले नाही. दोन वर्षे देवाला सगळे सांगितले, रुखमाला नाही. माळ्यावरून मी तिचे पुटपुटणे ऐकत असे, आणि खरे सांगतो, मला तिची कीव येत नसे.

काल दुपारी रुखमा तांदूळ निवडत होती. सत्यभामाबाई समोर येऊन बसली.

“रुखमाबाई, तुमच्या रिळावरचे दाने मी खरवडले होते. दसऱ्याले.”

रुखमाचा हात सुपात थांबला.

“वयनी, दोन वर्स मी मलेच शिव्या देल्या.”

“गुरुजीपासून इतिहास पुन्यांदा रिळावर भरून आनीन. वचन देतो.”

“तुमाले जे करायचं ते करा,” रुखमा म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. माफ केले, असे ती म्हणाली नाही.

मित्रांनो, घरातली वस्तू पुसण्याआधी ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा. तुम्हाला जो मळ दिसतो, ती कोणाची तरी अक्षरे असतात. आणि चूक झालीच, तर ती आधी त्या माणसाला सांगा. देव थोडा वेळ थांबतो.

आज सकाळी सत्यभामाबाईने मला माळ्यावरून उतरवले, पदराने धूळ पुसली, जुन्या लुगड्यात बांधले. भोजराजने कुठे म्हणून विचारले. “लाखांदूरले,” एवढेच ती म्हणाली. एकटीने ती तुमसरच्या पुढे कधी गेली नव्हती. कोरी रिळे आणि इतिहासाचे पुस्तक पिशवीत घालून, मला डोक्यावर घेऊन, ती अनवाणीच सडकेच्या वाटेला लागली.