फुटक्या रांजणातला कंदील

"दिस बुडायच्या आत कंदील लागला पायजे, धुरपदे. अंधारानं आपल्या आधी उंबरा ओलांडायचा न्हाय."

अणदूरच्या विठाबाईंनी नव्या सुनेला पहिल्याच संध्याकाळी सांगितलेले हे शब्द मी खुंटीवरून ऐकले होते. मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. माझी कडी वाकडी आहे, कारण एकदा बैलानं माझ्यावर पाय दिला. काच तीनदा बदलली, पत्रा मात्र पहिलाच आहे. तो कुठल्या कारखान्यात कापला गेला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते सोलापूरच्या दुकानात दोरीला टांगलेलं राहणं, आणि मग खंडोबाच्या जत्रेत मला घेणारा एक शेतकऱ्याचा हात. त्या हातानं चावी फिरवून वात वरखाली करून पाहिली आणि म्हटलं, "बरा हाय." माझं एवढंच कौतुक झालं. पण मला ते पुरलं.

विठाबाईंच्या त्या शब्दांपासून धुरपदाबाई रोज उन्हं कलली की माझी काच राखेनं पुसायची, वात कापायची, आणि सूर्य डोंगराला टेकायच्या आत मला लावून हात जोडायची. तिचा हा नेम लग्नानंतर एकही दिवस चुकला नव्हता.

मग एका उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याच्या, बलभीमच्या पायावरून भरल्या गाडीचं चाक गेलं. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात रोज पट्टी बदलावी लागेल, जवळच राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या परक्या गावात राहायचं कुठं? तेव्हा गफारभाई पिंजारी धावून आले. ते दर हिवाळ्यात अणदूरला कापूस पिंजायला यायचे आणि बलभीमच्या ओसरीवरच उतरायचे. ते म्हणाले, इतकी वर्षं मी तुमच्याकडं पाठ टेकली, आता तुम्ही आमच्याकडं टेका.

धुरपदाबाईनं बोचक्यावर मला बांधलं आणि आम्ही मोटारीनं धाराशिवला आलो. उतरलो त्याच्या आदल्या दिवशी रोजे सुरू झाले होते.

मी गावाकडचा कंदील. असा महिना मी कधी पाहिला नव्हता. दिवसभर गल्ली दबक्या आवाजात बोलायची. चुली थंड असायच्या. वैशाखाचं ऊन मातीच्या भिंतींना भाजून काढायचं, आणि तशा उन्हात म्हातारी माणसं ओठ मिटून, बोटांत माळ फिरवत सावलीला बसून असायची. दुपार कलली की एकेका घरातून फोडणीचा, भज्यांचा वास निघायचा. पण कुणी चव घ्यायचं नाही. मीठ पडलं की नाही, हे हमिदाबी वासावरून ओळखायच्या. हमिदाबी म्हणजे गफारभाईंच्या घरधनीण.

सगळ्यांचे डोळे एका गोष्टीकडं लागलेले असायचे. गफारभाईंचं घर चढावर, मशिदीला लागून होतं. उतारावर खालच्या आळीत अकरा घरं होती. वारा उलटा असला की बांगेचा आवाज तिथवर पोचायचा नाही. म्हणून रोजा सोडायची वेळ झाली की मशिदीतले मुनवरचाचा लांब बांबूच्या टोकाला एक कंदील चढवायचे. खालची माणसं माळवदांवर, म्हणजे मातीच्या सपाट छपरांवर, उभी राहून वर बघत बसायची. कंदील दिसला की कुणीतरी म्हणायचं, "लागला." मग सगळे खजूर तोंडात टाकायचे. मित्रांनो, मला त्या बांबूवरच्या कंदिलाचा हेवा वाटायचा. माझ्याकडं कुणी एवढ्या आशेनं कधी पाहिलं नव्हतं.

धुरपदाबाईचाही नवस चालू होता. नवरा पायावर उभा राहीपर्यंत दिवसभर अन्न घ्यायचं नाही. तुळजापूरच्या दिशेला मला लावायचं आणि मगच एक भाकरी खायची. तिची चूल कोपऱ्यात वेगळी होती. त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. पण ती जेवत नाही हे हमिदाबींच्या ध्यानात आलं.

"म्हंजे तुमचा बी रोजाच की," त्या म्हणाल्या.

"पानी पिते मी."

"मंग अर्धा," असं म्हणून हमिदाबी हसल्या. दोघी उपाशी बायका दुपारभर एका भिंतीला टेकून गव्हातले खडे वेचायच्या.

बारावा रोजा होता, मंगळवार. सकाळी डॉक्टरांनी बलभीमचा पाय उलटापालटा करून पाहिला आणि सांगितलं, पू वर सरकतोय. शुक्रवारपर्यंत उतार पडला नाही तर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल. धुरपदाबाई घरी आली. उन्हं कलल्यावर तिनं माझी काच पुसली. रोज ती मला खोलीच्या खिडकीत ठेवायची. त्या दिवशी खिडकीपुढची भिंत तिला खुपायला लागली. भिंतीआडचा दिवा तुळजापूरच्या आईला दिसत नसेल, म्हणूनच पाय भरत नसेल, असं तिच्या मनानं घेतलं. ती मला घेऊन माळवदावर चढली. तिथं वाळवणाचा बांबू उभा होता. तिनं मला त्याच्या टोकाला अडकवलं आणि लावलं.

त्या संध्याकाळी आभाळ धुळीनं भरलेलं होतं. दिवस कुठं आहे ते कळत नव्हतं. सासूच्या शब्दाला जागून ती नेहमीसारखीच मावळतीच्या आधी वर आली होती.

खालून आवाज आला, "लागला."

मला वाटलं, मशिदीचा कंदील लागला. मी तिकडं पाहिलं. तो बांबू रिकामा होता. आणि खालच्या आळीतली अकरा माळवदं माझ्याकडं बघत होती.

मला विझायचं होतं. पण मित्रांनो, कंदिलाला आपणहून विझता येत नाही. माझ्यासमोर पोरांनी खजूर चावले. एका म्हातारीनं सरबताचा पेला दोन घोटांत रिकामा केला. धुरपदाबाई डोळे मिटून हात जोडून उभी होती, तिला यातलं काहीच कळलं नाही. सात मिनिटांनी शेजारच्या बांबूवर खरा कंदील चढला.

 खाली घास हातात धरून माणसं एकदा त्या दिव्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघायला लागली.

थोड्या वेळानं गफारभाईंच्या अंगणात माणसं जमली. मला खाली आणून उंबऱ्यावर ठेवलं होतं. सगळ्यांत पुढं खालच्या आळीतला आयुब शिंपी होता. त्याचा थोरला भाऊ त्या ॲक्शनच्या साली घराबाहेर पडला तो परत आलाच नव्हता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"हे मुद्दाम केलंय," तो म्हणाला. "बरोबर बांबूवर. बरोबर आमच्या तोंडासमोर. आता आमचे रोजे पण राहू द्यायचे न्हाईत काय?"

दोघातिघांनी माना हलवल्या. गफार, पाहुण्यांना उद्या दुसरीकडं हलव, असं एकजण म्हणाला. खोलीत बाजेवर बलभीम उठायची धडपड करत होता. हलवायचं तर त्याला कुठं न्यायचं? दवाखान्यापासून लांब रोज गाडीचे धक्के खात तो पाय शुक्रवारपर्यंत टिकला नसता. हे धुरपदाबाईला कळत होतं. ती पदर सावरून उंबऱ्यात आली.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "तुमचा दिवा बांबूला लागतो, त्यो काय असतो, म्या इचारलंच न्हाय. इतके दिस बघत हुते, पर इचारलं न्हाय."

आयुब काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात गफारभाई पुढं झाले. ते त्या संध्याकाळी गादी पोचवायला खालच्या आळीत गेले होते आणि तिथंच रोजा सोडून आले होते.

"आयुब, 'लागला' असं पहिल्यांदा कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनीच सांगून टाकलं.

"मी बोललो. माझंच माळवद, माझाच बांबू, आणि मलाच ओळखू आला न्हाई. भुकेला माणूस बघतो ते त्याला हवं तेच बघतो. हलवायचं तर मला पण हलव."

मुनवरचाचा इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून उभे होते. ते हळू बोलले. भूल झाली, गुनाह नाही. पण रोजा गेला तो गेला. ईदनंतर प्रत्येकाला एक रोजा कजा ठेवावा लागेल, म्हणजे बदल्यात धरावा लागेल. अकरा घरांतली मोठी माणसं चौतीस होती.

"त्या दिशी मी बी धरीन," धुरपदाबाई म्हणाली. "पानी न पिता. तुमच्यासंगं."

दुसऱ्याचा रोजा दुसऱ्याच्या नावावर जात नाही, असं चाचांनी तिला समजावलं. तिनं मान डोलावली. "माझ्या नावावरच धरीन," म्हणाली. आयुब निघून गेला. माणसं पांगली, पण जाताना कुणी गफारभाईंना सलाम केला नाही.

त्या रात्री धुरपदाबाईनं भाकरी केली आणि तशीच झाकून ठेवली. हमिदाबींचा रोजा मोडला नव्हता. त्यांच्या दारातून मशिदीचा बांबू दिसायचा. पण त्याही तिच्याशी बोलल्या नाहीत.

बुधवारी दुपार कलली. धुरपदाबाईनं काच पुसली, वात कापली आणि मला मांडीवर घेऊन बसली. आता लावायचं कधी? दिवस बुडायच्या आत लावलं तर गल्लीचा रोजा पुन्हा धोक्यात. खिडकीतसुद्धा नको, आता प्रत्येक उजेडाकडं लोक संशयानं बघत होते. बुडाल्यावर लावलं तर नेम मोडला. तोही असा, की पायाचा फैसला दोन दिवसांवर आलेला. काडीपेटी तिच्या घामानं ओली झाली. इतकी वर्षं मी तिच्या हातात होतो, पण तिचा हात एवढा जड कधी लागला नव्हता.

हमिदाबी दारातून बघत होत्या. त्या उठल्या, परसात गेल्या आणि एक रांजण गडगडवत आणला. बूड फुटलेला, कोंबड्या झाकायला ठेवलेला. दोघींनी मिळून तो माळवदावर चढवला. हमिदाबींनी तो तोंड खाली करून उभा केला आणि काठाखाली एका बाजूला दगड सारून वाऱ्यापुरती फट ठेवली, मशिदीकडच्या अंगाला. मग फुटक्या बुडाकडं बोट दाखवलं.

"आत लावा. ऊपरसे दिखता ना तुमारी आईकू? बस. नीचेवालोंकू नको दिखने का."

 धुरपदाबाईनं मला पेटवलं आणि वरच्या भोकातून दोरीनं आत सोडलं.

मित्रांनो, त्या रांजणात कोंबड्यांचा वास होता. धुरानं माझी काच काळवंडली, पत्रा तापला. मला खालची आळी दिसत नव्हती, तुळजापूरची दिशा दिसत नव्हती. डोक्यावर आभाळाचा एक वाटोळा तुकडा होता, तेवढाच. मी लागलेलो होतो आणि कुणालाही दिसत नव्हतो. बाहेर दोन बायका श्वास रोखून मशिदीच्या बांबूकडं बघत होत्या. तिथं कंदील चढला. "लागला," हमिदाबी म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला दोरी ओढून वर काढलं. मग त्यांनी खजूर तोंडात टाकला आणि एक धुरपदाबाईच्या ओंजळीत ठेवला. तिनं तो घेतला आणि खाल्ला.

गुरुवारीही तसंच झालं. शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा मी तिथं नव्हतो. दोघी परतल्या तेव्हा मला कळलं. हमिदाबीही तिच्यासोबत गेल्या होत्या. पायाची दोन बोटं काढावी लागली होती. पाय राहिला होता.

बलभीम शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "आईनं दोन बोटं ठेवून घेतली. कोंबड्याच्या घरात दिवा लावल्याचा दंड आसंल." धुरपदाबाईला आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं, आणि मग रडूही.

रोज संध्याकाळी मी रांजणात जात राहिलो. एकदा आयुब वर येऊन रांजणात वाकून बघून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासाठी नवी वात आणून उंबऱ्यावर ठेवली. 

ईद झाली. बलभीम काठी टेकून उभा राहिला, नवस पुरा झाला, आणि आम्ही अणदूरला निघालो. मोटारीपर्यंत मुनवरचाचा चालत आले. ते म्हणाले, पुढच्या गुरुवारी खालची आळी एकदमच कजा रोजा धरणार आहे. पण रमजान सरला, आता मशिदीच्या बांबूवर कंदील चढत नाही.

"उस दिन कौन इशारा देगा?" ते म्हणाले. "तुमचा कंदील घेऊन या, बाई. ह्या वेळी मी सांगेन तेव्हा लावा."

मित्रांनो, त्याला आता खूप वर्षं झाली. घरात विजेचा दिवा आला. मी माळ्यावर आहे. काचेवर कोळ्यानं घर केलं आहे, टाकीत तेलाचा थेंब नाही. माझी तक्रार नाही. फक्त कधी माझ्यासारखा एखादा जुना दिवा हाती लागला तर काच पुसा, वात कापा. आणि लावायच्या आधी बाहेर एक नजर टाका, की या उजेडाकडं डोळे लावून कोण उपाशी बसलं आहे. एवढं मागणं पुरे.

माळ्यावर पडल्या पडल्या मला तो गुरुवार आठवतो. पेरणी तोंडावर आली होती. विठाबाई आदल्या दिवसापासून कुरकुरत होत्या, की घरात काम पडलंय आणि हिला कुठल्या गावाचे उपास पडलेत. झुंजुमुंजू झालं. धुरपदाबाई उठली, अंघोळ करून देवापुढं हात जोडले. पाण्याचा तांब्या भरलेला होता, त्याला तिनं हात लावला नाही. माझी काच पुसली, टाकी काठोकाठ भरली, आयुबनं दिलेली वात घातली. विठाबाई ओसरीवर जात्याशी बसल्या होत्या.  त्यांनी काडीपेटी पुढं सरकवली.

धुरपदाबाईनं ती कनवटीला खोचली, वाकडी कडी हातात घेतली, आणि मला न पेटवता मोटारीच्या सडकेकडं चालायला लागली.