दक्षिणेकडे तोंड केलेला रेडिओ

गोजरबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर जुना व्हॉल्व्हचा पोर्टेबल रेडिओ, झाकण उभं, त्यावर हळदकुंकू. शेजारी तरंगबाबा. सुप्यापासूनची माणसं जमली होती, कारण सहा महिन्यांपूर्वी वारलेले रंभाजी त्या रेडिओतून बोलत होते.

“वायर न्हाई, शेल न्हाई!” बाबा गरजला. “निव्वळ आत्म्याच्या लहरी! आत्म्याला कुठं चार्जर लागतो, माउली?”

लोक हसले आणि हात जोडले.

खरखरीतून घोगरा आवाज आला, “गोजर... पोरीला सुया टोचू नको... मी राखतोय तिला.”

रंभाजी माझा दीर, गोजरबाई धाकटी जाऊ. पोरगी म्हणजे त्यांची नात जयमाला, अकरा वर्षांची. आईबाप ऊसतोडीला गेलेले. तिला रोज इन्सुलिन लागायचं, ते रेडिओच्या सांगण्यावरून दोन दिवस बंद होतं. मी भिंगारहून आले तेव्हा ती घरात खोल खोल श्वास घेत पडली होती. ओकून ओकून ओठ सुकलेले.

“गोजर, हिला आत्ताच्या आत्ता नगरला न्यायचं.”

“आक्का, ह्यांनीच सांगितलं न्हवं? जित्तेपनी शब्द मोडला न्हाई, आता मोडू व्हय?”

मी तशीच बाहेर आले. “खरखर फार आहे. जरा फिरवून बघते.”

“हात लावू नका, म्हातारे!” बाबा उठलाच. “तोंड दक्षिणेलाच पायजे. पितरांची दिशा! फिरवला तर आत्मा भरकटंल.”

तिथंच तो सापडला. भिंगारच्या बाजारात आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. यजमान पुढं बसत, मी मागं बसून तारांना सोल्डरचे डाग देत असे. स्टेशन नीट लागेना म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी रेडिओ फिरवायला सांगत असू. या रेडिओच्या झाकणात तारेचं वेटोळं असतं, तोच त्याचा एरियल. झाकणाची कड स्टेशनाकडे असली तर आवाज खणखणीत. सपाट बाजू तिकडे वळली की आवाज मरतो.

त्याला न जुमानता मी रेडिओ पश्चिमेकडे वळवला. रंभाजी गप्प. पुन्हा दक्षिणेकडे. रंभाजी सुरू.

म्हणजे बोलणारा पूर्वेला किंवा पश्चिमेला. पूर्वेला उघडं माळरान. पश्चिमेला लिंबाखाली बाबाची जीप, काचांना पडदे.

“गहिनीनाथ, त्या जीपचं दार उघड बरं,” मी ग्रामपंचायतीच्या शिपायाला म्हणाले.

त्यानं दार ओढलं आणि अंगणातला रेडिओ ओरडला, “मारू नका दादा! बाबांनीच सांगितलं बोलायला!”

आत एक माणूस माइक धरून बसला होता, मांडीवर छोटा ट्रान्समीटर. मी रेडिओची पाठ उघडली. त्याची नव्वद व्होल्टची बॅटरी कधीच बाजारातून गेली. तिच्या जागी नऊ-नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, बाजूला टॉर्चचा एक सेल.

लोक बाबावर धावले. गोजरबाई तेवढी रेडिओजवळ बसली.

“मंग ह्ये... ह्ये न्हवते?”

“नव्हते गं.”

त्याच जीपमधून आम्ही जयमालाला नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, “काल आणायची होती.” दिवस मावळायच्या आत पोर गेली. आईबाप उसाच्या फडातून दुसऱ्या दिवशी पोचले.

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकायची ओढ मला समजते. यजमानांना जाऊन अकरा वर्षं झाली. मला कुणी बोलावलं असतं तर कदाचित मीही पाटापुढं बसले असते. तरी सांगते, रडा, आठवण काढा, पण औषध त्या आवाजाच्या हाती देऊ नका. सुई बंद कर म्हणणारा जिवंत असो की मेलेला, देव असो की दीर, त्याला एवढंच म्हणा: आधी डॉक्टरांना विचारते.