एका दुपारची सून

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा टब आहे. आज माझ्यात पालक उगवतो म्हणून नाक मुरडू नका. एके काळी मी अख्ख्या गल्लीचे डोळे धुतले आहेत.

कारखान्यातून मी थेट मादलोमो आजीच्या दारात आलो. माझ्यात पोरं न्हायची, चादरी भिजायच्या. मग गोऱ्यांच्या सरकारने आमच्या काळ्या लोकांच्या वस्तीत मयतीला जमायलाही बंदी घातली. लोक तरीही जमायचे आणि पोलीस अश्रुधूर सोडायचे. अशा दिवशी प्रत्येक बाई दारात पाणी भरून ठेवी, दाराची कडी काढून ठेवी. पळत येणाऱ्याला कोणी नाव विचारत नसे.

एका दुपारी लिंडेल्वा नावाची मुलगी धडपडत आली. डोळे लालबुंद, मागे पोलीस. सापडली असती तर तुरुंग ठरलेला, आणि तिथून सगळेच परतत नसत. आजीने तिचे डोळे माझ्या पाण्याने धुतले, डोक्याला फडकं बांधलं, खांद्यावर शाल टाकली आणि हातात ओली चादर दिली.

"मान वर करायची नाही. तू माझी नवी सून!"

आमच्याकडे नवी सून मान खाली घालते, परक्यापुढे तोंड उघडत नाही.

पोलीस आलाच. "ए, वर बघ!"

"नव्या सुनेला असं दरडावतात होय? तुझ्या आईने हेच शिकवलं का रे?" आजी कडाडली.

त्याला पटेना. कुंपणापलीकडे शेजारीण मात्शावे उभी होती. एका कोंबडीवरून तिचा नि आजीचा वर्षभर अबोला होता. पोलिसाने तिलाच विचारलं, "ही हिची सून आहे?"

"सून कसली!" मात्शावे म्हणाली. मी घाबरलो. "ऐतखाऊ आहे नुसती! सकाळपासून तीच चादर घासतेय. सासूसारखीच आळशी. घेऊन जा दोघींना, गल्ली तरी सुटेल!"

पोलीस हसला आणि पुढच्या गल्लीकडे वळला.

पोरीला रडू फुटलं. आजी मात्र कुंपणाशी गेली. "आळशी कोणाला म्हणालीस गं?"

"तुलाच!" मात्शावे म्हणाली. संध्याकाळी ती भांडणातली तीच कोंबडी शिजवून घेऊन आली, आणि तिघी पोटभर जेवल्या. एवढं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

ते सरकार गेलं. माझा तळ गंजला, मी बरीच वर्षं घरामागे पडून होतो, मग कोणीतरी माझ्यात माती भरली. लिंडेल्वाला आता स्वतःच्या सुना आहेत. तरी ती येते, म्हाताऱ्या आजीपुढे मान खाली घालते आणि विचारते, "सासूबाई, चादर घासू का?"

मित्रांनो, जुनी भांडी जरूर सांभाळा. पण त्याआधी शेजारीण सांभाळा. तिच्याशी भांडलात तरी चालेल.