मालकांच्या मनगटावरची काच

राजारामपुरीच्या एका आडगल्लीत संयोगिताचं सहा बाय आठचं दुकान होतं. मोबाइलला आणि स्मार्टवॉचला काचेवरचे गार्ड लावायचे, पट्टे बदलायचे, चार्जर विकायचे. आठ वर्षांत तिने इतकी मनगटं हाताळली होती की गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी ती त्याचा धंदा ओळखायची. ज्योतिषी तळहात बघतात, ही मनगटाची वरची बाजू बघायची, आणि खरं सांगायचं तर ज्योतिष्यांपेक्षा हिचं जास्त खरं निघायचं.

म्हशीची धार काढणाऱ्याच्या घड्याळाला बादलीची कड लागते, त्याचे ओरखडे एकाच बाजूला असतात. गॅरेजवाल्याच्या काचेचे टवके उडतात. तारेच्या घासणीने भांडी घासणाऱ्या बाईची काच गोल गोल झिजते. आणि शिरोलीच्या फौंड्रीतला, लोखंड ओतणारा माणूस आला की घड्याळ हातात घ्यायचीही गरज नसायची. साच्याची काळी वाळू ती, काचेपेक्षा कडक. बाहीत शिरते, पट्ट्याखाली शिरते, आणि माणूस बाहीनं कपाळ पुसतो तेव्हा काचेवरूनही फिरते. महिनाभरात काच अशी होते, जणू ताकाचा पेला न विसळता ठेवलाय.

"वाळूपुढं कुणाचं काय चालत न्हाय," ती सांगायची. "गार्ड म्हंजे घड्याळाच्या वाटणीचा मार खाणारा. त्यानं मार खायचा, आपण त्याला बदलायचं."

हे ज्ञान घरातलंच होतं. तिचा नवरा धैर्यशील लग्नाआधीपासून शिरोलीच्या एका फौंड्रीत वाळूचे साचे करायच्या, मोल्डिंगच्या खात्यात होता. गेल्याच्या आदल्या दिवाळीत तिने त्याला चांगलं घड्याळ घेऊन दिलं, स्वतःच्या हाताने गार्ड लावला. महिन्यात गार्ड गेला. दुसरा लावला, तोही गेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन जुना गार्ड सोलायचा आणि नवा बसवायचा, हा तिचा कार्यक्रमच ठरून गेला. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर नवऱ्याचा हात मांडीवर घ्यायला तेवढंच निमित्त, असं ती मनात म्हणायची आणि स्वतःशीच हसायची.

त्याच वर्षभरात, रविवार रविवार, त्याने तिच्याकडून कामही शिकून घेतलं होतं. "शिकव की मला बी," म्हणाला, आणि ही हरखून गेली. काच पुसायची कशी, धुळीचा कण चिकटपट्टीने उचलायचा कसा, गार्ड एका कडेने सोडत न्यायचा कसा, सगळं सांगितलं. ओरखड्यांवरून माणूस कसा वाचायचा तेसुद्धा सांगितलं, जे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. "या की माझ्याकडंच," ती म्हणायची. "दोघं मिळून करू." त्यावर तो नुसता मान हलवायचा. ती मान होकाराची का नकाराची, हे तिने कधी विचारलं नाही.

संक्रांतीला राजवीर नवीन माल घेऊन आला. राजवीर म्हणजे तिचा होलसेलवाला. दर गुरुवारी यायचा, काउंटरवर कोपर टेकून चहा प्यायचा, तिला ताई म्हणायचा. "ताई, हा गार्ड बघा. ओरखडा पडला तर मला सांगा," म्हणाला. तिने तो पहिल्यांदा धैर्यशीलच्या घड्याळाला लावला. वाळूचीच परीक्षा घ्यायची तर घरातच घ्यावी.

एक महिना गेला, दोन गेले. काच लख्ख!

मग काय, संयोगिताला चेव आला. फौंड्रीतलं गिऱ्हाईक आलं की ती हाच गार्ड पुढं करायची, आणि शनिवारी संध्याकाळी धैर्यशील दुकानात न्यायला आलेला असला तर त्याचाच हात धरून दाखवायची. "आमच्या मालकांची काच बघा. दोन महिनं वाळूत हाय. हाय का कुठं ओरखडा?" धैर्यशील हात पुढं करायचा, हसायचा. गिऱ्हाईक बघायचं, मान डोलवायचं आणि गार्ड लावून घ्यायचं. तिच्या शब्दावर घ्यायचं. दुकान लहान होतं, पण आठ वर्षांत तिने कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्याच भांडवलावर ते चाललं होतं.

चैत्रातल्या एका दुपारी गुंडूदादा आले. हेही शिरोलीचे, पण दुसऱ्या फौंड्रीतले, पन्नाशीचे, जिभेला हाड नसलेले. आल्या आल्या त्यांनी घड्याळ काढून काउंटरवर आपटलं.

"वैनी, तीन आठवडं! तीन आठवड्यांत टाइम दिसंना झालाय. तुम्ही बी फसवायला लागलासा व्हय?"

काच पार गेली होती. ताकाचा पेला. संयोगिताला राग आला, आणि तो तिने गुंडूदादांवरच काढला.

"तुम्ही वापरताच तसं, दादा. आमच्या मालकांची बघा की. तेबी मोल्डिंगलाच हायत."

"मोल्डिंगला?" गुंडूदादांनी आपलं घड्याळ उचललं. "मग त्यास्नी इचारा, वाळू कुठली वापरतात. आमची वाळू तर काच खाती. तुमच्या मालकांची वाळू शाकाहारी असंल."

दुकानात उभी असलेली दोन कॉलेजची पोरं खिदळली. गुंडूदादा गेले, पैसे परत न मागता, आणि तेच तिला जास्त लागलं. भांडणारा माणूस परत येतो, असा मुकाट जाणारा येत नाही.

त्या दिवशी तिचं कामात लक्ष लागेना. गार्ड तोच, वाळू तीच, खातं तेच. एकाची काच तीन आठवड्यांत मेली, दुसऱ्याची तीन महिने जिवंत. दुसऱ्या कुणाचं मनगट असतं तर तिने एका नजरेत सांगितलं असतं. पण नवऱ्याचं मनगट ती वाचत नव्हती, नुसतं मिरवत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी धैर्यशील अंघोळीला गेला. घड्याळ स्वयंपाकघरात चार्जिंगला होतं. संयोगिताने ते उचललं, खिडकीशी नेलं, दुकानातून आणलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि काच उजेडात तिरकी केली.

वाळूचा एक ओरखडा नव्हता. पण वरच्या कडेला बारीक, सरळ, एकाच दिशेच्या रेघांचा जुडगा होता. समोरून बघितलं तर दिसायचाही नाही.

या रेघा तिला चांगल्या माहीत होत्या. तिने स्वतःचं डावं मनगट घड्याळाशेजारी धरलं. तिच्याही काचेवर, त्याच जागी, तसाच जुडगा. तिच्या काउंटरखाली गार्डांचा उथळ कप्पा होता, तिने स्वतः सांगून करून घेतलेला. उजव्या हातात गिऱ्हाइकाचं घड्याळ असतं, डावा हात दिवसातून शंभरदा त्या कप्प्यात जातो, आणि जाताना काच वरच्या लोखंडी पट्टीला घासते. हे ओरखडे दुसऱ्या कुठल्याच धंद्याचे नव्हते.

बाथरूममध्ये पाण्याचा आवाज चालू होता. संयोगिताने घड्याळ होतं तसं ठेवलं. नवरा दुसऱ्या बाईकडे जातो असं कळतं तर ती बोंबलली असती, गल्ली गोळा केली असती. हे कसलं दुःख, ते कुणाला आणि काय म्हणून सांगायचं, तेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी धैर्यशील साडेआठच्या पाळीला म्हणून नेहमीसारखा निघाला. डबा, पिशवी, "येतो गं." दोन मिनिटांनी ती निघाली. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, मोपेड. कोल्हापुरात अशा हजार बायका-पोरी रोज जातात, सख्खा भाऊ ओळखणार नाही. पंचगंगेचा पूल झाला. शिरोलीचा फाटा आला. त्याने वळावं म्हणून ती मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडत होती. वळ बाबा. मी चुकले म्हणून घरी जाऊन तुझ्या आवडीचं करते, पण वळ.

तो सरळ गेला. पेठ वडगावापर्यंत सरळ गेला.

बाजारपेठेत नवं दुकान होतं, तिच्या दुकानाच्या तिप्पट. शटर वर करायला राजवीर उभाच होता. "या पार्टनर," म्हणाला आणि धैर्यशीलच्या पाठीवर थाप मारून गाडीला किक मारून निघून गेला. गुरुवार होता. आता हा कोल्हापूरला जाणार, तिच्या काउंटरवर कोपर टेकणार आणि ताई म्हणणार. तीन महिने दर गुरुवारी त्याने तिचा चहा प्यायला होता, आणि तो चहा त्याच्या घशाखाली उतरला होता!

जरा वेळाने ती आत गेली. काउंटर बघूनच तिने ओळखलं. उथळ कप्पा, वर लोखंडी पट्टी. मापासकट तिचाच. कोपऱ्यात खिळ्याला धैर्यशीलचा फौंड्रीचा खाकी युनिफॉर्म आल्या आल्या काढून टांगलेला, त्याच्याखाली बिस्किटांचा जुना डबा. डब्यात काळी वाळू.

ती वाळू बघून मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दर रविवारी ती तो युनिफॉर्म दगडावर घासायची. वाळू निघता निघायची नाही. बोटं सोलून निघायची. आणि हा माणूस रोज संध्याकाळी मूठभर वाळू कपड्यांना चोळून घरी यायचा. सगळं बैजवार, काही न विसरता केलं होतं, फक्त घड्याळावर वाळू टाकायला त्याचा हात धजला नव्हता.

"या ताई," धैर्यशील मान वर न करता म्हणाला. "काय करायचं?"

तिने मनगटावरचं घड्याळ काढून पुढं ठेवलं. त्याने ते उचललं, पुसलं आणि तिने शिकवलं होतं तसं उजेडात तिरकं केलं.

"तुमचा बी ह्योच धंदा दिसतोय की, ताई," तो हसत म्हणाला. "कप्प्याचं ओरखडं हायत हे. कुठं हाय तुमचं..."

संयोगिताने स्कार्फ सोडला.

त्याने तिचं घड्याळ काउंटरवर ठेवलं. मग बोलला ते चिडूनच. चोराच्या उलट्या बोंबा.

"माझ्या मागं मागं फिरतीस?"

"कवापासनं?"

"संक्रांतीपासनं. फौंड्रीचा कंटाळा आलता मला. छाती भरायला लागलती."

"मग माझ्याकडं का आला न्हाईसा? मी किती दिवस म्हणतोय, या म्हणून."

"तुझ्याकडं?" धैर्यशीलचा आवाज चढला. "बायकोच्या दुकानात बसू? गल्लीत सगळे म्हणणार, बायको मालकीण आन् ह्यो कामाला. इथं पार्टनर हाय मी. सांगणारच हुतो, जरा बसतं झाल्यावर."

"शिकायला बायको चालली. बसायला न्हाय चालली."

"संयोगिता, तसं न्हवं..."

"नोकरी सोडलासा, त्याचं मला काय न्हाय. दुकान काढलासा, तेबी काढा की. पण मी गिऱ्हाइकास्नी तुमचा हात दाखवत हुतो. माझा शब्द देत हुतो त्यास्नी. आन् तुम्ही हात पुढं करून हसत हुतासा. त्या टायमाला तरी काय वाटलं न्हाय?"

धैर्यशील खाली बघून कप्प्यातले गार्ड सारखे करू लागला.

तेवढ्यात एक माणूस आत आला. खाकी शर्ट, कोपरापर्यंत काळपट हात, घड्याळाची काच पांढरी पडलेली. फौंड्रीचाच. बहुतेक रात्रपाळी करून निघालेला.

"पावणं, वाळूत टिकणारा गार्ड हाय का एखादा? का सगळं एकाच माळंचं मणी?"

आणि सवयीनं, कसलाही विचार न करता, धैर्यशीलचा डावा हात पुढं आला. "ह्यो बघा की," तोंडातून गेलं. "माझाच..."

संयोगिता त्या हाताकडे बघत राहिली. तिला वाटत होतं की आपल्याला फसवताना निदान याच्या जिवाची घालमेल होत असेल. इथं तर फसवण्याचाच धंदा झाला होता. तिच्याच तोंडची वाक्यं, तिचाच कप्पा, आणि तिला मारलेलीच थाप.

तिने ते मनगट धरलं. शनिवारी दुकानात धरायची तसंच, वरून, अलगद. त्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेलं.

"नीट बघा, पावणं. एक ओरखडा न्हाय वाळूचा. का न्हाय सांगू? ह्यो माणूस तीन महिनं झालं फौंड्रीत गेल्यालाच न्हाय. तुमचा महिन्याभरात जाणार. दर महिन्याला बदलायची तयारी असंल तर लावा."

तो माणूस एकदा तिच्याकडे, एकदा धैर्यशीलकडे बघत उभा राहिला. "तुम्ही कोण म्हणायच्या, ताई?"

"मी गिऱ्हाईक," संयोगिता म्हणाली.

तिने हात सोडला, आपलं घड्याळ उचललं आणि बाहेर आली. मागून त्याने दोनदा हाक मारली, पण काउंटर ओलांडून तो काही आला नाही. मोपेडवर बसून तिने आधी फोन लावला.

"गुंडूदादा, पाळी सुटली की दुकानाकडं या. काच बदलून देतो. आन् तुमच्याबरोबर ज्यांनी ज्यांनी लावून घेतली त्यास्नी बी घेऊन या. तुमचं काय चुकलं नव्हतं, दादा. मीच आमच्या मालकांच्या हाताकडं बघून बोलत हुतो."